इन्सुलिन पेप्टाइड आहे, हे विसरून होणाऱ्या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात आईची उपाशीपोटीची साखर एकाएकी चढली. पथ्य तेच, डोस तोच. दोन दिवस आम्ही आंब्याला दोष दिला. मग आठवलं, लक्ष्मी रोडला खरेदी करताना इन्सुलिन टोचायचं पेन दुपारभर स्कूटरच्या डिकीत राहिलं होतं. डिकी हात लावता येणार नाही इतकी तापली होती.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची, छोटी साखळी. शरीर तिचा उपयोग निरोप पोचवायला करतं. बाळंतपणात कळा आणणारं ऑक्सिटोसिन 9 कड्यांचं, तर साखर पेशीत शिरू दे असं सांगणारं इन्सुलिन 51 कड्यांचं. साखळीची घडी नेमकी असली तरच पेशीला निरोप कळतो. उन्हाने ती घडी विस्कटते आणि गोठल्यानेही. म्हणून ‘जास्त थंड बरं’ म्हणत पेन फ्रीझरमध्ये ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकूनच द्यायचं. न उघडलेलं 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवा. वापरातलं पेन बाहेर चालतं, पण साधारण 30 अंशांच्या आत आणि बहुतेक प्रकारांत चारच आठवडे. नेमके दिवस वेष्टनावर असतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा खोलीचाही भरवसा नाही.

नुसतं बघून निदान करू नका. बिघडलेलं इन्सुलिनही पाण्यासारखं नितळ दिसू शकतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे साखर चढली की आपल्याच मनाने डोस वाढवणं. पेन खराब असेल आणि वाढवलेल्या डोसवरच नवं पेन सुरू झालं, तर साखर धाडकन खाली येते. घाम, थरथर, कधी शुद्धही हरपते. आधी पेन तापलं किंवा गोठलं होतं का, त्याचे दिवस उलटलेत का ते तपासा, मग टोचायची जागा चाचपा. रोज एकाच जागी टोचल्याने गाठ आली असेल तर तिथून औषध नीट शोषलं जात नाही. मग डॉक्टरांना फोन करा.

पेप्टाइड गिळलं की बहुधा डाळीतल्या प्रथिनासारखंच पचतं, म्हणून इन्सुलिन टोचावं लागतं. सांध्यांसाठी म्हणून घेतात ती कोलॅजन या प्रथिनाची पावडरही थेट गुडघ्यात जाऊन बसत नाही. आणि जिममध्ये कुणी ‘फक्त संशोधनासाठी’ लिहिलेली पेप्टाइडची कुपी दिली तर घेऊ नका, आत काय आहे याची हमी कुणीच देत नाही.

आईच्या पेनवर आता चिकटपट्टी असते, तिच्यावर उघडल्याची तारीख. आणि बाहेर पडताना पेन डिकीत नाही, तिच्या पर्समध्ये असतं.