ट्रायल पास, पण मान उचलत नाही: मेडिसिन आयसीयूत नव्याने येणाऱ्यांसाठी

व्हेंटिलेटर लावायला सगळे हौसेने शिकतात. काढायचा कसा, हे शिकवायला कुणालाच वेळ नसतो. पहिल्या पोस्टिंगमध्ये मला याची धास्ती वाटायची, आणि खरं सांगायचं तर अजूनही ट्यूब काढल्यावर मी बेडपासून फार लांब जात नाही.

मोड्स, पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब), प्रेशर सपोर्ट (दर श्वासाला मशीनने दिलेला जोर) तुम्हाला माहीत आहेत असं धरते. मूळ आजार आटोक्यात, एफआयओटू (दिलेल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) ४० टक्क्यांच्या आसपास, पीप ५ ते ८, रक्तदाब टिकवणारं नॉरअॅड्रिनॅलिन बंद किंवा नावापुरतं, की रोज सकाळी सिडेशन थांबवून, मशीनचा आधार कमीत कमी ठेवून पेशंटला स्वतःच्या श्वासाची ट्रायल द्या आणि आकडे घेऊनच राउंडला उभे राहा. एसआयएमव्हीचा रेट (मशीन मिनिटाला ठरवून देतं ते श्वास) दोन-दोनने उतरवत बसणारे सीनिअर अजून भेटतात. ही पद्धत १९९५ च्या स्पॅनिश अभ्यासातच मागे पडली; रोज एकदा ट्रायल दिलेल्या पेशंटची ट्यूब कितीतरी लवकर निघाली. वाद घालू नका, पण सवयही लावून घेऊ नका.

दुसरा शॉर्टकट आरएसबीआयचा, म्हणजे मिनिटाचे श्वास भागिले एका श्वासातली हवा (लिटरमध्ये); जितका कमी तितकं बरं. 'किती आला?' असं फोनवरून विचारणाऱ्या कन्सल्टंटपेक्षा येऊन पेशंटच्या पोटावर हात ठेवणारा कन्सल्टंट मला जास्त शिकवून गेला. १०५ ही त्याची मर्यादा १९९१ मध्ये व्हेंटिलेटरचा आधार काढून, साध्या स्पायरोमीटरवर मोजून आलेली आहे. प्रेशर सपोर्ट चालू ठेवून स्क्रीनवरचा आकडा वाचलात तर तो कमीच दिसणार.

आता मुद्द्याचं, म्हणजे फवारणीच्या औषधाचं. जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणार असाल तर ऑरगॅनोफॉस्फरस (कीटकनाशक) पोटात गेलेले पेशंट रोजचेच. दुसरा-तिसरा दिवस उजाडतो. बाहुल्या ठीक, लाळ आटलेली, छाती मोकळी, उतारा म्हणून दिलेल्या अॅट्रोपिनचा ड्रिप उतरत आलेला. पेशंट टक्क जागा, खुणेने पाणी मागतो. अर्ध्या तासाची ट्रायल छान पास. तिकडे कॅज्युअल्टीत कुणीतरी अंबू बॅगवर व्हेंटिलेटरची वाट बघत असतं. सगळं जग 'काढा ट्यूब' म्हणत असतं. मी याच ठिकाणी फसले.

विष पोटात गेल्यावर साधारण २४ ते ९६ तासांत इंटरमीजिएट सिंड्रोम डोकं वर काढतो. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. मानेचे पुढचे स्नायू, खांदे-मांड्या, गिळण्याचे स्नायू आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. बिघाड मज्जातंतू आणि स्नायूच्या सांध्यावर असतो, तिथे अॅट्रोपिन पोचतच नाही. म्हणजे अॅट्रोपिन वाढवून मान उचलली जाणार नाही; उलट पेशंट भ्रमात जाईल आणि घट्ट झालेल्या स्रावाने ट्यूब तुंबेल.

मग ट्रायल पास कशी होते? कारण ती अर्ध्या तासाची असते आणि प्रेशर सपोर्ट श्वासाच्या स्नायूंचं काम वाटून घेतो. शिवाय ट्यूब आत असेपर्यंत वायुमार्ग उघडा ठेवायची जबाबदारी ट्यूबची. गिळणं, खोकणं, जीभ मागे न पडू देणं यांची परीक्षा ट्रायलमध्ये होतच नाही. ट्यूब निघाली की सगळं त्याच्याच अंगावर येतं, आणि ट्रायलमध्ये टिकलेले स्नायू मध्यरात्री थकतात.

म्हणून सरळ झोपवून डोकं उशीवरून उचलायला सांगा. पाच सेकंद धरलं पाहिजे. सकाळ-संध्याकाळ बघा, फाइलमध्ये लिहा. मान उचलत नसेल तर ट्यूब काढायची नाही, मागे कोणीही उभं असो. अशा पेशंटना मी ट्रायलही टी-पीसवरच देते, म्हणजे मशीनचा जोर न देता ट्यूबला फक्त ऑक्सिजन जोडून. २०१९ च्या मोठ्या अभ्यासात अर्ध्या तासाचा प्रेशर सपोर्ट दोन तासांच्या टी-पीसपेक्षा सरस ठरला हे माहीत आहे. इथे मी हट्टी आहे.

घाबरून जाऊ नका. ही ताकद परत येते, बहुतेकदा एक ते तीन आठवड्यांत. तोवर व्हेंटिलेटर, सक्शन, रक्तातल्या पोटॅशियम आणि फॉस्फेटकडे लक्ष आणि धीर, एवढंच औषध. नातेवाईक 'मशीन कधी काढणार?' विचारतील. त्यांनाही मानेची चाचणी दाखवा. दुसऱ्या दिवसापासून तेच तुम्हाला रिपोर्ट देतात. नाइटच्या सिस्टरने 'आज आवाज बारीक येतोय' म्हटलं तर मॉनिटर बघायच्या आधी उठा.

ट्यूब काढल्यावर ऑक्सिजन चालू असेल तर सॅच्युरेशन ९८ दिसत राहतं आणि आतल्या आत कार्बन डायऑक्साइड चढत जातो. श्वासाची गती, घाम, खोकल्याची ताकद आणि पुन्हा मान बघा. शंका आली की लगेच एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी). नीट तपासून काढलेल्या ट्यूबपैकीही शंभरात दहा-वीस परत टाकाव्या लागतात, त्यात अपमान नाही. गिळता न येणाऱ्या पेशंटला एनआयव्हीचा (ट्यूबशिवाय श्वासाला आधार देणारा) मास्क बांधून रात्र ढकलणं मात्र घातक. आणि ट्यूब परत टाकताना स्नायू ढिले करायला सक्सिनिलकोलीन भरू नका. ते मोडणारं एन्झाइमच विषाने बंद पाडलेलं असतं, पेशंट तासन्‌तास लुळा राहतो. त्याऐवजी वापरायचं रोक्युरोनियम ट्रॉलीत आहे का, हे ट्यूब काढायच्या आधीच बघून ठेवा.