फ्लोरिडात शार्क बघायला जाताय? बुकिंगआधी हे विचारा

फ्लोरिडाच्या सागरी हद्दीत माशांना चारा टाकून तो देखावा पर्यटकांना दाखवायला २००२ पासून बंदी आहे. ही हद्द अटलांटिककडे किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांवर (साधारण साडेपाच किमी) संपते, मेक्सिकोच्या आखातात ९ मैलांवर. म्हणून अटलांटिक किनाऱ्यावरच्या जुपिटर, पाम बीच या गावांच्या बोटी ३ मैलांच्या पुढे जाऊन चारा टाकतात. शार्कला ही रेष दिसत नाही, आणि किनाऱ्यावर पोहणाऱ्यांचा आक्षेप नेमका तोच आहे.

तेव्हा पहिला प्रश्न: चारा किती मैलांवर टाकता? ‘खोल पाण्यात’ हे उत्तर घेऊ नका. पाम बीचपाशी समुद्र किनाऱ्याजवळच खोल होतो. बोटीवरचं जीपीएस स्वतः बघा.

दुसरा: चारा कसा देता? भोकं असलेल्या बंद पेटीतून फक्त वास सुटतो, खायला फारसं मिळत नाही. हातानं भरवलं की शार्क माणूस आणि खाणं यांची सांगड घालतो. असं भरवणारी बोट सरळ टाळा. त्याच फेरीत कुणी भाल्यानं मासे मारणार असेल, तरी टाळा.

पाण्यात उतरताना दागिने, घड्याळ काढा. गडद हातमोजे आणि पायमोजे घाला. उघडे तळवे आमिषाच्या तुकड्यांसारखे पांढरे चमकतात. प्रवाह पेटीकडून ज्या दिशेला वाहतो तिकडे थांबू नका, तो वासाचा पट्टा असतो. हात छातीशी, शरीर उभं, नजर शार्कवर. बहुतेकांची चूक होते ती कॅमेरा पुढे धरून हात लांब करण्यात.

चाऱ्यामुळे शार्कला सवय लागते का, याचं एकच उत्तर नाही. बहामाच्या टायगर बीचला, जिथे पर्यटकांसाठी चारा टाकतात, तिथे येणारे टायगर शार्क फ्लोरिडातल्यांपेक्षा जास्त दूर भटकतात, असं २०१२ च्या अभ्यासात दिसलं. उलट ऑस्ट्रेलियाच्या नेपच्यून बेटांवर शार्क बघायच्या सहली वाढल्यावर पांढरे शार्क जास्त दिवस रेंगाळू लागले. जात बदलली, जागा बदलली की निष्कर्ष बदलतो. एका अभ्यासावर कुणी ‘अगदी सुरक्षित’ म्हणत असेल तर सावध व्हा.

फक्त पोहायचं असेल तर हेही लक्षात ठेवा: जानेवारी ते मार्च हजारो ब्लॅकटिप शार्क पाम बीचच्या किनाऱ्यालगत येतात, आणि ते चाऱ्यामुळे नव्हे, स्थलांतरात. पहाटे आणि संध्याकाळी पाण्यात जाऊ नका. पक्षी सूर मारताहेत किंवा कुणी गळ टाकून बसलंय, तिथेही नको. वाळूवरून मासेमारी करताना आमिषाचा लगदा पाण्यात ओतायला जुलै २०१९ पासून मनाई आहे. कुणी ओतताना दिसलं, तर आधी मुलांना बाहेर काढा, मग जीवरक्षकाला सांगा.