पिकअपच्या हौद्यातील दिवे: जोडणी आणि नियंत्रण

भाजीपाला, दूध, सिमेंट किंवा मंडपाचे सामान वाहणाऱ्या पिकअपचे निम्मे काम अंधारात चालते, तरीही आपल्याकडच्या बहुतेक मालवाहू पिकअपना हौद्यासाठी स्वतंत्र दिवा कंपनीकडून मिळत नाही. अमेरिकेतील पिकअपमध्ये तो बहुधा केबिनच्या मागे, वरच्या ब्रेक दिव्याच्या पेटीतच बसवलेला असतो आणि त्याचे बटण चालकासमोर असते. आपल्याकडे दिवा बाजारातून आणून लावणे अवघड नाही. अवघड असते ते नियंत्रण, म्हणजे दिवा हवा तेव्हा दोन्ही टोकांकडून लागावा, गाडी रस्त्यावर असताना लागू नये आणि विसरला तरी बॅटरी उतरू नये, अशी व्यवस्था करणे. पुढील माहिती १२ व्होल्टच्या गाड्यांसाठी आहे. मोठ्या ट्रकमध्ये २४ व्होल्ट असतात, त्यामुळे तेथे हेच रिले (थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विजेचे स्विच) आणि टायमर चालणार नाहीत.

दिवा निवडताना चिकटपट्टीची स्वस्त एलईडी पट्टी टाळावी. इंजिन चालू असताना विद्युतदाब सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत चढतो आणि नेमक्या १२ व्होल्टसाठी बनवलेली पट्टी त्यामुळे तापून लवकर मंदावते. ‘१० ते ३० व्होल्ट’ असे लिहिलेले, आतून राळ भरून बंद केलेले ९ ते १२ वॅटचे दोन दिवे पुरतात. आयपी ६७ या जलरोधक दर्जाचा दिवा पाण्यात बुडाला तरी टिकतो, पण वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याची हमी तो दर्जा देत नाही. त्यासाठी आयपी ६९के पाहावे. प्रकाशाचा रंग ४००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे निळसर नसलेला पांढरा, घ्यावा. निळसर पांढऱ्या उजेडात टोमॅटोचा पिकलेपणा किंवा पालेभाजीचा पिवळेपणा नीट ओळखता येत नाही, आणि माल उतरवताना हीच पारख करायची असते.

केबिनच्या पाठीमागे एकच दिवा लावला, तर क्रेटची पहिली थप्पी उभी राहताच तिच्या पलीकडचा सगळा हौदा सावलीत जातो. म्हणून दोन्ही बाजूंना, वरच्या कडेच्या आतल्या अंगाला, ताडपत्रीचा दोर किंवा साखळी अडकणार नाही अशा जागी दिवे बसवावेत. त्यांचे तोंड आत आणि खाली असावे. मागच्या बाजूने पांढरा झोत पडू नये, कारण मागून येणाऱ्या चालकाला तो रिव्हर्सचा दिवा वाटू शकतो आणि त्याचे डोळेही दिपतात.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज बसवावा. तेथून १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मुख्य रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला आणि ८७ क्रमांकाच्या टोकापासून तशीच तार दिव्यांकडे न्यावी. टेल लॅम्पच्या तारेतून वीज घेण्याचा सोपा मार्ग अनेक जण सुचवतात, पण नव्या गाड्यांमध्ये त्या परिपथावर संगणकाची नजर असते आणि कंपनीची तार कापल्यास वॉरंटीचा वाद उभा राहतो.

नियंत्रणासाठी जिन्याच्या दिव्याची पद्धत सर्वांत उपयोगी ठरते. तीन टोकांचे दोन टू-वे स्विच घ्यावेत, एक केबिनमध्ये आणि दुसरा, रबरी टोपी असलेला, मागच्या फाळक्याजवळ. फ्यूजनंतरची धन तार पहिल्या स्विचच्या मधल्या टोकाला जोडावी, दोन्ही स्विचची बाजूची टोके दोन तारांनी एकमेकांना जोडावीत आणि दुसऱ्या स्विचच्या मधल्या टोकापासून निघालेली तार पुढे न्यावी. या तारांतून फक्त रिलेच्या गुंडाळीचा, म्हणजे अर्ध्या अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो, त्यामुळे त्या बारीक असल्या तरी चालतात.

ही तार थेट मुख्य रिलेला न देता दुसऱ्या, पाच टोकांच्या रिलेच्या ३० क्रमांकाला द्यावी आणि त्याच्या ८७ए या टोकापासून (गुंडाळीत वीज नसताना हे ३०शी जोडलेले असते) पुढे न्यावी. या दुसऱ्या रिलेच्या गुंडाळीच्या दोन टोकांपैकी ८६ला इग्निशनची तार आणि ८५ला अर्थिंग (चासीकडे जाणारी ऋण तार) जोडले, की किल्ली चालू करताच ८७ए सुटते आणि स्विच कोणत्याही स्थितीत असला तरी हौदा अंधारा होतो. इंजिन चालू ठेवून माल उतरवणाऱ्यांना हे गैरसोयीचे वाटेल, पण उजेडात न्हालेला हौदा घेऊन महामार्गावर धावणाऱ्या गाड्या पाहिल्यावर ही गैरसोय पत्करावी असेच माझे मत आहे.

या जोडणीत एक खोच राहते. स्विच चालूच राहिलेला असेल, तर मुक्कामी पोहोचून किल्ली बंद करताच दिवे पुन्हा लागतात आणि २४ वॅटचे दिवे रात्रीच्या १० तासांत सुमारे २० अँपिअर-तास खाऊन टाकतात. सकाळी स्टार्टर कुरकुरायला एवढे पुरते. म्हणून ८७ए आणि मुख्य रिलेचे ८६ यांच्यामध्ये १२ व्होल्टचे टायमर मॉड्यूल बसवावे, जे वीज मिळताच सुरू होईल आणि ठरवलेल्या वेळेनंतर आपोआप बंद करील. १५ मिनिटांचा अवधी ठीक असतो, अधिक वेळ लागला तर स्विच एकदा बंद करून पुन्हा चालू करावा. मुख्य रिलेचे ८५ अर्थिंगला जाते. फाळका उघडताच दिवा लावणारा चुंबकी स्विच ऐकायला छान वाटतो, पण बांबू किंवा पाइप भरले की फाळका दिवसभर उघडाच असतो, तेव्हा तो आपल्या कामाचा नाही.

उजेड कमी-जास्त करणारा डिमर लावायचा असल्यास तो मुख्य रिलेच्या पुढे, दिव्यांच्या आधी येतो. बरेचसे डिमर ऋण बाजू तोडतात, तेव्हा दिव्याची ऋण तार चासीला न जोडता डिमरकडेच परत आणावी. अन्यथा दिवे कायम पूर्ण तेजाने जळतात.

अर्थिंगकडे मात्र दुर्लक्ष होते. हौदा पुष्कळदा लाकडी किंवा रबरी पॅकिंगवर बसवलेला असतो, त्यामुळे त्याच्या पत्र्याला लावलेली ऋण तार चासीपर्यंत पोहोचतेच असे नाही आणि दिवे फडफडतात. चासीवरील बोल्टजवळचा रंग घासून चकचकीत लोखंड उघडे करावे, तारेला थिंबल दाबून ती खाचेरी वॉशरसह घट्ट कसावी आणि वरून ग्रीस लावावे. भोक पाडण्यापूर्वी मागे ब्रेकची नळी किंवा इंधनाची टाकी नाही ना, हे हाताने चाचपून पाहावे. भोकात रबरी ग्रोमेट घालावे, आणि तार दिव्यात शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच टपकते.

सर्व जोडून झाल्यावर बॅटरी लावावी आणि किल्ली बंद असताना फ्यूजच्या जागी मल्टीमीटर अँपिअरवर ठेवून प्रवाह मोजावा. दिवे लागलेले असताना तो सुमारे २ अँपिअर आणि स्विच बंद असताना शून्य दिसला पाहिजे. शून्य न आल्यास आधी टायमरची तार स्विचच्या अलीकडून घेतली गेली आहे का, ते तपासावे.