दुकान क्लाउडवर नेताय? या चुका टाळा, जुन्या सर्व्हरच्या सवयी आधी शोधा

संक्रांतीचा सेल रात्री बाराला लागायचा होता. बारा वाजून सात मिनिटांनी काकूंचा फोन आला, "अरे, सेल कुठाय? भाव अजून जुनेच दिसतायत." या काकू इंदूरला रामबागेत बसून माहेश्वरी साड्या देशभर विकतात, आणि त्यांचं ऑनलाइन दुकान आम्ही चारच दिवसांपूर्वी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं मिळणाऱ्या मशीनवर नेलं होतं. सेल लागला, पण सकाळी साडेपाचला.

क्लाउडवरच्या मशीनचं घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. जुना सर्व्हर कुणीतरी कधीतरी भारतीय वेळेवर लावून ठेवला होता आणि ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या अनुभवात घोटाळा क्लाउडमध्ये क्वचितच असतो. जुनं मशीन वर्षानुवर्षं न सांगता जे करत होतं, ते नव्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

घड्याळाचंच पुढे बघा. सेल उशिरा लागला तर काकू रागावतात, एवढ्यावर भागतं. बिलाची तारीख चुकली तर सीए रागावतो. १ एप्रिलला रात्री दोनला आलेली ऑर्डर यूटीसीत ३१ मार्चची, रात्री साडेआठची असते. त्या तारखेनं बिल फाटलं की ते मागच्या महिन्याच्या जीएसटी विवरणात आणि वर मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसतं. उपाय म्हणून सर्व्हरचं घड्याळ बदलत बसू नका. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेवा, बिल छापताना आणि ठरलेली कामं लावताना 'आशिया/कोलकाता' हा टाइमझोन स्पष्ट लिहा. आणि चाचणी रात्री बारा ते साडेपाचच्या मध्ये करा. दुपारी केलेल्या चाचणीत ही चूक दिसतच नाही.

फोटो कधी दिसतो, कधी नाही

ग्राहक पान रिफ्रेश करतो, साडीचा फोटो गायब. पुन्हा रिफ्रेश, फोटो हजर. इंटरनेट स्लो आहे म्हणून सोडून देऊ नका. लोड बॅलन्सरमागे, म्हणजे ग्राहकांच्या विनंत्या मशीनमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे दोन मशीन आहेत आणि फोटो अपलोड झाला तो एकाच्याच डिस्कवर. पुढच्या डिप्लॉयमेंटला, म्हणजे नवा कोड चढवताना ते मशीन जाऊन नवं आलं की फोटो कायमचाच गेला. फोटो, बिलांच्या पीडीएफ, ग्राहकानं पाठवलेल्या फाइली, सगळं एस-थ्रीसारख्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनना दिसणाऱ्या सामायिक फाइल-कोठारात हवं.

कार्ट आपोआप रिकामी होते, त्याचंही मूळ हेच. सेशन, म्हणजे ग्राहकाच्या चालू भेटीची नोंद, डिस्कवरच्या फाइलमध्ये असतं. यावर बरेच जण लोड बॅलन्सरला 'एका ग्राहकाला एकाच मशीनकडे पाठव' असं सांगून मोकळे होतात. ते ठिगळ आहे. मशीन बदललं की त्याच्यावरच्या सगळ्या कार्ट गेल्या, आणि स्वयंचलित डिप्लॉयमेंटमध्ये मशीन रोज बदलतात. सेशन रेडिसमध्ये (मेमरीत चालणारा वेगवान सामायिक साठा) किंवा डेटाबेसमध्ये ठेवा.

एकाच ऑर्डरचे तीन मेसेज

जुन्या सर्व्हरवर क्रॉन होता, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम. नव्या व्यवस्थेत प्रत्येक मशीन एकाच साच्यातून निघतं, म्हणजे तोच क्रॉन प्रत्येकावर. तीन मशीन, तीन 'तुमची साडी निघाली' मेसेज. वर जुना सर्व्हर 'असू दे चार दिवस' म्हणून चालू ठेवला असेल तर चौथा मेसेज त्याचा, आणि रात्री तो जुना स्टॉकही मार्केटप्लेसवर चढवणार. संपलेल्या साडीची ऑर्डर येते ती अशी.

हलवण्याआधी जुन्या मशीनवरच्या प्रत्येक यूजरचा क्रॉनटॅब (त्याच्या ठरलेल्या कामांची यादी) काढून कागदावर लिहा. फक्त रूटचा, म्हणजे मुख्य यूजरचा बघून थांबू नका, आमचा बॅकअपचा क्रॉन एका सोडून गेलेल्या मुलाच्या नावावर निघाला. नव्या ठिकाणी ठरलेली कामं एकाच जागेवरून चालवा, किंवा कामाआधी लॉक घ्या, म्हणजे तेच काम दुसरं मशीन करणार नाही.

पैसे कटले, ऑर्डर नाही

हा फोन सगळ्यात वाईट. डीएनएस म्हणजे साइटचं नाव कोणत्या पत्त्यावर जातं ती नोंद, आणि टीटीएल म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ जपून वापरायची ती मुदत. हा टीटीएल ८६४०० सेकंद, म्हणजे अख्खा दिवस असेल, तर नाव नव्या पत्त्यावर वळवल्यावरही काही विनंत्या दिवसभर जुन्या सर्व्हरकडे जातात. पेमेंट गेटवेचा 'पैसे आले' हा वेबहूकही (आपोआप येणारा निरोप) त्यातच. तो जुन्या डेटाबेसमध्ये नोंदला जातो आणि नव्या डेटाबेसमध्ये ऑर्डर 'अपूर्ण' राहते. टीटीएल ३०० वर आणा, पण आदल्या संध्याकाळी नाही, निदान दोन दिवस आधी, कारण जुना ८६४०० चा हिशोब आधी संपायला हवा. बदलाच्या क्षणी जुन्या सर्व्हरला डेटाबेसशी बोलणं बंद करायला लावा आणि आलेलं सगळं नव्याकडे ढकलायला सांगा. उत्तर मिळालं नाही तर गेटवे वेबहूक पुन्हा पाठवतो, म्हणून एकच वेबहूक दोनदा आला तरी ऑर्डर एकच बनली पाहिजे. दुसऱ्या दिवशी गेटवेची यादी आणि ऑर्डरची यादी समोरासमोर ठेवून जुळवा. कंटाळवाणं आहे, पण करा.

याच्याच शेजारची चूक: कुरिअर कंपनीनं आपला जुना आयपी पत्ता त्यांच्या परवानगीच्या यादीत टाकलेला असतो. नवी मशीन वेगळ्या पत्त्यावरून बोलतात, पार्सलचा नंबर मिळत नाही आणि लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, नुसता टाइमआउट. बाहेर जाणारा सगळा संवाद एका ठरलेल्या आयपीवरून काढा आणि तो त्यांना आठवडाभर आधी कळवा. ईमेलचं थोडक्यात: बऱ्याच क्लाउडवर थेट मेल पाठवायचा पोर्ट २५ मुळातच बंद असतो. मेल सेवेमार्फत पाठवा, आपल्या नावानं मेल कोण पाठवू शकतं ते सांगणारी एसपीएफ नोंद बदला.

डिप्लॉयमेंट आपोआप झालं, म्हणजे चूकही आपोआप

बटण दाबलं की नवा कोड चढतो याचा आनंद आठवडाभर टिकतो. मग कुणीतरी डेटाबेसच्या टेबलमधल्या कॉलमचं नाव बदलतं. नवा कोड चढताना काही मिनिटं निम्म्या मशीनवर जुना कोड चालू असतो, तो जुनंच नाव शोधतो आणि चेकआउट कोसळतं. मागे यावं म्हटलं तर जुन्या कोडला लागणारा कॉलम उरलेला नाही. बदल तीन टप्प्यांत करा: नवा कॉलम जोडा, कोडला दोन्हीकडे लिहायला लावा, आणि जुना कॉलम पुढच्या एखाद्या रिलीजमध्ये काढा.

मागे यायचंच तर कुठे, हेही ठरलेलं हवं. डॉकर इमेजला (कोडसकट बांधलेल्या तयार साच्याला) 'लेटेस्ट' एवढाच टॅग असेल तर कालची इमेज कोणती हे कुणालाच सांगता येत नाही. टॅग कमिटच्या, म्हणजे कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या क्रमांकाचा द्या.

आणि मशीनवर शिरून 'जाता जाता' केलेली दुरुस्ती. हा मोह मलाही होतो. मंगळवारी कॉन्फिगमधली एक ओळ हातानं बदलली, सगळं ठीक, गुरुवारी डिप्लॉयमेंट झालं आणि तोच बिघाड परत. टेराफॉर्म (क्लाउडची रचना फाइलमध्ये लिहून तशी उभी करणारं साधन) वापरत असाल तर कन्सोलवर (क्लाउडच्या वेबपानावर) हातानं केलेला बदल पुढच्या 'अप्लाय'ला पुसला जातो. टेराफॉर्मचा प्लॅन (काय बदलणार त्याची यादी) न वाचता 'यस' म्हणू नका, कारण काही बदलांसाठी तो डेटाबेस मोडून नवा बांधायचं सुचवतो. डेटाबेस चुकून पुसला जाऊ नये म्हणून डिलीशन प्रोटेक्शन पहिल्या दिवशीच लावा. पासवर्डची फाइल गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणारं साधन) गेली असेल तर ती पुढच्या कमिटमध्ये काढून उपयोग नाही, इतिहासात ती राहतेच. पासवर्डच बदला.

गर्दीत मशीन वाढली आणि साइट पडली

ऑटोस्केलिंग, म्हणजे गर्दीप्रमाणे मशीन आपोआप वाढवणं, अगदी बरोबर चाललं होतं, तरीही. स्वतः बसवलेल्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये एका वेळी कनेक्शनची मूळ मर्यादा १५१ असते. क्लाउड कंपनीच सांभाळते त्या व्यवस्थापित सेवेत ती साधारणपणे मशीनच्या मेमरीप्रमाणे ठरते. प्रत्येक मशीन २० कनेक्शन धरून बसलं तर सात मशीनपर्यंत १४०, निभावलं. आठवं आलं की १६०, आणि डेटाबेस म्हणतो 'टू मेनी कनेक्शन्स'. त्यात हेल्थ चेक, म्हणजे मशीन ठीक आहे का याची तपासणी, डेटाबेसला विचारणारा असेल तर लोड बॅलन्सर धडधाकट मशीनही आजारी समजून बाजूला काढतो. मशीनची कमाल संख्या कनेक्शनच्या हिशोबानं ठरवा, आणि लोड बॅलन्सरचा हेल्थ चेक फक्त 'मी जागा आहे' एवढंच सांगणारा ठेवा.

रीजन, म्हणजे क्लाउडची मशीन जगात कुठे असतील ते, निवडताना अमेरिकेतलं मूळ सेटिंग तसंच राहिलेलं मी पाहिलंय. एडब्ल्यूएसचं (अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडचं) मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून. दुकान एकात, बॅकअपची प्रत दुसऱ्यात. जुन्या डेटाबेसमध्ये ग्राहकांचे कार्ड नंबर सापडले तर ते हलवू नका, पुसा. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला ते साठवता येत नाहीत.

जुनं मशीन बंद करण्याआधी त्याचे लॉग उतरवून घ्या. सर्ट-इन या सरकारी सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ते १८० दिवस जपायचे असतात. आणि खातं रद्द करण्याआधी डोमेन कुठे नोंदलंय ते बघा. काकूंचं डोमेन आणि डीएनएस दोन्ही त्याच जुन्या होस्टिंग खात्यात होतं, आणि रद्द करायचा फॉर्म मी अर्धा भरला होता.