मिठाच्या मैदानावरील वेगशर्यतींसाठी सुरक्षित मार्गखुणा कशा तयार कराव्यात

अमेरिकेतील युटा राज्यात बॉनेव्हिल येथे, किंवा दक्षिण ऑस्ट्रेलियातील गेर्डनर सरोवराच्या कोरड्या पात्रावर, वेगाचे विक्रम करण्यासाठी जो धावमार्ग आखला जातो तो कायमचा नसतो. दरवर्षी पावसाळी पाणी साचते, आटते आणि मिठाचा पृष्ठभाग नव्याने तयार होतो. कधी तो इतका खराब असतो की स्पर्धाच रद्द करावी लागते. बॉनेव्हिलचा ‘स्पीड वीक’ हा वेगशर्यतींचा वार्षिक सप्ताह २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन वर्षे याच कारणाने झाला नाही. म्हणून मार्गाच्या कडा, मैलांचे आकडे आणि थांबण्याची जागा दाखवणाऱ्या खुणा दर खेपेला नव्याने उभ्या करून नंतर काढून न्याव्या लागतात. हे काम बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक करतात आणि हाताशी असेल ते वापरण्याचा मोह होतो: लोखंडी सळई, जमिनीवर उभा राहणारा लाकडी खुंट, रस्त्यावरचा जड बुडाचा शंकू. या तिन्ही वस्तू मार्गाजवळ असू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

चांगल्या खुणेकडून दोन परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा असते. ती दुरून मोठी दिसली पाहिजे आणि गाडी तिच्यावर गेली तर जणू तिथे काही नव्हतेच असे झाले पाहिजे. दुरून डोंगर साजरे असतात, तसे इथे जवळूनही साजरेच राहिले पाहिजे.

प्रथम वजनाचा हिशेब करावा. ताशी ३०० मैल, म्हणजे सुमारे ४८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १३४ मीटर अंतर कापते. या वेगाने एक किलो वजनाच्या स्थिर वस्तूवर आदळणे म्हणजे जवळजवळ ९,००० ज्यूल ऊर्जेची देवाणघेवाण होय. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत साधारण १२० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे ही एक किलोची वस्तू सत्तरपेक्षा जास्त चेंडूंइतकी आहे, आणि त्या वेगाला मोटारसायकलस्वारापुढे फक्त हेल्मेटची काच असते. रस्त्यावरचा मोठा शंकू तीन-चार किलोंचा असतो आणि त्याचे बहुतेक वजन बुडाच्या जाड रबरात, नेमके गाडीच्या पोटाखाली अडकेल अशा जागी असते. माझ्या मते कडेची खूण ३०० ग्रॅमपेक्षा आणि मैलाचा मोठा फलक पाऊण किलोपेक्षा जड नसावा.

साहित्य निवडताना वस्तू किती हलकी आहे याइतकेच ती कशी तुटते हेही पाहावे लागते. बांबू उभा चिरतो आणि त्याचे भाले होतात. फायबरग्लासच्या काठ्यांचेही तेच होते. वीजजोडणीची पांढरी नळी उन्हाने ठिसूळ झाली की तिच्या धारदार चिपा उडतात. थर्माकोल धडकेच्या दृष्टीने उत्तम असतो, पण त्याचे दाणे वाऱ्याबरोबर मैलभर पसरतात आणि मिठातून ते वेचता वेचता नाकी नऊ येतात. सर्व बाजूंनी विचार करता पोकळ पन्हाळीचा पातळ प्लास्टिकचा पत्रा, म्हणजे आपल्याकडे निवडणुकीच्या आणि शिकवणीवर्गांच्या पाट्यांसाठी जो सनपॅक या नावाने मिळतो तो, सर्वांत सोयीचा ठरतो. तीन मिलिमीटर जाडीच्या अशा पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण अर्धा किलो भरते. तो धडकेत चुरगळतो, दुमडतो, क्वचित फाटतो, पण त्याचे भाले होत नाहीत.

या पत्र्याचा १ मीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद तुकडा घ्यावा, त्याची पन्हाळी उभी येईल असे पाहावे आणि मधोमध एका बाजूने बोथट हत्याराने रेघ ओढून तो उभा दुमडावा. अर्धवट उघडलेल्या पुस्तकासारखा हा आकार काठीशिवाय स्वतःच उभा राहतो. पुस्तकाचा कणा येणाऱ्या चालकाकडे असावा. चारही कोपरे वाटीच्या काठाने आखून गोल कापावेत. कुठेही खिळा, स्क्रू, तार किंवा स्टेपलची पिन वापरू नये, कारण अतिवेगासाठी बनवलेल्या टायरांवर रबराचा थर अगदी पातळ ठेवलेला असतो आणि एखादी पिनही त्याला पुरते.

आता प्रश्न वाऱ्याचा. ताशी ६० किलोमीटरचा वारा एवढ्या पत्र्यावर साधारण नऊ किलो वजनाइतका जोर लावतो, त्यामुळे ३०० ग्रॅमची खूण नुसती ठेवली तर ती दुपारपर्यंत दुसऱ्या तालुक्यात गेलेली असेल. ती वाळूच्या पिशव्यांनी दाबून ठेवण्याची पद्धत मात्र घातक आहे, कारण मग हलकी खूण हा फक्त देखावा उरतो आणि गाडी पिशवीवर आदळते. त्याऐवजी फलकाच्या मध्यउंचीवर भोके पाडून तीन दिशांना सुतळीचे ताण द्यावेत. सुतळी अशी निवडावी की ती २० किलो सहज झेलेल आणि ३० किलोंना तुटेल. याची परीक्षा घरीच करता येते: सुतळीला धान्याची गोणी टांगावी आणि तिच्यात एकेक किलो भर घालत जावे. प्रत्येक नव्या रिळाची अशी परीक्षा घ्यावी, कारण एकाच दुकानातील दोन रिळे सारखी निघतीलच असे नाही.

सुतळीचे दुसरे टोक जिथे बांधायचे ती खुंटी लाकडाची, बोटभर जाड आणि वीतभरापेक्षाही आखूड असावी. आधी जवळच, मार्गाबाहेर, एक लहान भोक पाडून मिठाचा थर किती जाड आहे ते मोजावे. काही ठिकाणी तो हातभर भरतो, तर काही ठिकाणी दोन-तीन इंचांखाली चिखल लागतो. खुंटीचे भोक थराच्या निम्म्या खोलीपर्यंतच न्यावे. आरपार गेले तर खालचे खारे पाणी वर झिरपते आणि तेवढी जागा मऊ पडते. खुंटी तिरपी, फलकाकडे पाठ करून ठोकावी, तिचे डोके पृष्ठभागाच्या बोटभर खाली गेले पाहिजे. वर कुस्करलेले ओले मीठ दाबून भरले की तासाभरात ते उन्हाने दगडासारखे घट्ट होते आणि बाहेर फक्त सुतळी दिसते. तळहात फिरवून पाहावा. हाताला काही लागले तर ते गाडीच्या पोटालाही लागेल.

दिसण्याचा विचार करताना उभ्या माणसाच्या डोळ्यांवर विसंबू नये. लांबट, निमुळत्या गाडीतील चालक जवळजवळ आडवा झोपलेला असतो आणि त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम ७० सेंटिमीटरवर असतात. त्या उंचीवरून क्षितिज फक्त तीन किलोमीटरवर येते, म्हणजे पाच मैलांच्या मार्गाच्या टोकाची खूण सुरुवातीच्या रेषेवरून पृथ्वीच्या वक्रतेमुळेच दिसू शकत नाही. त्यात तापलेल्या पृष्ठभागावरचे मृगजळ खुणेचा खालचा भाग गिळून टाकते. उरण किंवा भाईंदरच्या मिठागरातून भर दुपारी चाललेल्याला ही चकाकी थोडीफार ठाऊक असेल. इथे ती चहूबाजूंनी क्षितिजापर्यंत असते. म्हणून रंग आणि चिन्ह फलकाच्या वरच्या दोन तृतीयांश भागातच द्यावे. पांढरा आणि पिवळा हे रंग मिठावर विरून जातात. भडक नारिंगी आणि काळा ही जोडी टिकते. काहींना लाल-हिरव्या छटांमधला फरक नीट कळत नाही, त्यामुळे अर्थ केवळ रंगावर सोपवू नये: डाव्या कडेचे फलक सबंध नारिंगी आणि उजव्या कडेचे फलक मधोमध रुंद काळ्या पट्ट्याचे ठेवले, तर आडव्या वाऱ्याने गाडी सरकली तरी आपण कोणत्या कडेला आहोत हे चालकाला पट्ट्यावरून कळते. परतीच्या रस्त्याच्या खुणांना हा आकार आणि ही जोडी मुळीच देऊ नये.

मैलाच्या फलकासाठी तोच पत्रा १.२ मीटर उंच आणि तितकाच रुंद घ्यावा आणि त्यावर ८० सेंटिमीटर उंचीचा एकच आकडा काढावा. निरोगी डोळ्याला एवढा आकडा स्वच्छ हवेत साधारण ५५० मीटरवरून वाचता येतो. हादरे, रंगीत काच आणि मृगजळ धरून त्याचे निम्मे मानावे. ताशी ३०० मैलांना तेवढ्यात दोन सेकंद मिळतात, आणि ते पुरतात. याहून लहान आकडा काढणे म्हणजे फक्त प्रेक्षकांसाठी काढणे होय. या मोठ्या फलकावर वाऱ्याचा जोरही दुपटीहून अधिक असल्याने त्याला तीनऐवजी सहा ताण द्यावेत आणि कडेच्या खुणांच्या रांगेपासून तो आणखी पंधरा-वीस मीटर बाहेर ठेवावा. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या नियमांप्रमाणे विक्रमासाठी एका तासाच्या आत दोन विरुद्ध दिशांनी धावावे लागते. अशी धाव होणार असेल तर उलट बाजूनेही आकडे लागतात, आणि ते त्या दिशेने मोजलेले हवेत.

कडेच्या खुणा पाव-पाव मैलावर ठेवल्या तर ताशी ३०० मैलांना दर तीन सेकंदांनी एक जोडी येते. रांग सरळ असणे मात्र अंतरापेक्षा महत्त्वाचे आहे. एक दशांश अंशाची चूक पाच मैलांच्या टोकाला १४ मीटरांची होते, म्हणून एका खुणेवरून पुढची ठरवत जाऊ नये. दोन्ही टोके आधी उपग्रहयंत्राने पक्की करून मधल्या खुणा दुर्बिणीतून त्यांच्या रेषेत आणाव्यात. वेळ मोजणाऱ्या प्रकाशकिरणांच्या पेट्या या कठीण आणि जड असतात. त्या शक्य तितक्या बाहेर व बुटक्या ठेवाव्यात आणि त्यांनाच खूण म्हणून रंगवण्याचा आळशीपणा करू नये, कारण चालक नकळत खुणेकडे पाहत तिच्याच दिशेने गाडी नेतो.

मार्ग संपल्यानंतरच्या भागाकडे सर्वांत कमी लक्ष जाते. १५ ऑक्टोबर १९६४ रोजी अमेरिकी चालक क्रेग ब्रीडलव्ह यांनी बॉनेव्हिलला ताशी ५२६ मैलांचा विक्रम केला, पण त्याच धावेत त्यांच्या गाडीचे पॅराशूट तुटून गेले, ब्रेक निकामी झाले आणि गाडी टेलिफोनचे खांब तोडत, मिठाचा बांध ओलांडून खाऱ्या पाण्याच्या तळ्यात पडली. ते पोहत बाहेर आले. शेवटच्या मैलानंतरही किमान दोन मैल हलक्या खुणा चालू ठेवाव्यात, आणि त्या रेषेत तंबू, वाहन किंवा पाण्याची टाकी येऊ देऊ नये.

पहिली खूण तयार झाली की तिच्यावर एखादी जुनी गाडी ताशी ६० किलोमीटरने घालून चित्रीकरण करावे, सर्व तुकडे गोळा करून त्यांतला सर्वांत मोठा तोलावा आणि खुंटी जागेवर राहिली का ते पाहावे. परंतु ताशी ३०० मैल हा वेग याच्या आठपट आणि तिथली ऊर्जा चौसष्टपट असते, त्यामुळे या चाचणीत नापास झालेली खूण टाकून द्यावी, पण पास झालेलीला प्रमाणपत्र समजू नये.

स्पर्धेच्या दिवसांत सकाळी, जोराच्या वाऱ्यानंतर आणि प्रत्येक धडकेनंतर खुणा मोजाव्यात. एक फलक उडाला असेल तर दोन्ही बाजूंची जोडी पूर्ण होईपर्यंत पुढची धाव सोडू नये. पडलेल्या फलकाचे तुकडे जुळवून पाहावेत. एखादा कोपरा कमी भरला तर तो सापडेपर्यंत शोधावा. बॉनेव्हिलची जमीन केंद्र सरकारच्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या ताब्यात आहे आणि गेर्डनर सरोवर राष्ट्रीय उद्यानात मोडते, त्यामुळे भोके पाडण्याची परवानगी आधीच घ्यावी. शेवटच्या दिवशी खुंट्या मोजून काढाव्यात, आणल्या तेवढ्या परत आल्या की नाही ते वहीत लिहावे, आणि प्रत्येक भोकात कुस्करलेले मीठ व थोडे खारे पाणी घालून ते टाचेने दाबावे.