संपची काच कापायला टाकण्याआधी

फिशटँकखाली संप, म्हणजे फिल्टर आणि पंप ठेवायची दुसरी काचेची टाकी, करायचं ठरलं की माणूस आधी सिरॅमिक रिंग आणि बायोबॉल या जिवाणू धरायच्या फिल्टर-सामानाच्या चौकशीला लागतो. मीही तेच केलं. खरं तर वही घेऊन पहिला हिशोब करायचा तो लाईट गेल्यावर किती पाणी खाली येणार याचा. माझ्या पहिल्या संपात रिटर्नचा, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणारा पाइप टाकीत पार तळापर्यंत सोडला होता. मे महिन्यात वळवाच्या पावसात रात्री लाईट गेली, पंप थांबला, पाइपाने उलटा सायफन धरला आणि टाकीतलं पाणी खाली ओढलं. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात उभ्या, हातात ओलं पायपुसणं.

तर हिशोब असा. ४ फूट बाय दीड फूट टाकीत एक इंच पाणी म्हणजे सुमारे १४ लिटर. अडीच फूट बाय १ फूट संपमध्ये तेच पाणी अडीच इंचांच्या आसपास चढतं. ओव्हरफ्लोच्या (टाकीतलं पाणी जिथून खाली जातं त्या) काठावरचं इंचभर आणि रिटर्नचं तोंड बुडालेलं असेल तेवढं, दोन्ही धरायचं, पाइपातलं वेगळं, आणि संप चालू असताना तेवढी जागा वर मोकळी ठेवायची. रिटर्नचं तोंड पाण्याखाली अर्धाच इंच असू द्या, किंवा पाण्याच्या रेषेलगत पाइपाला ३ मिमीचं भोक पाडा. पंप चालू असताना त्यातून बारीक धार उडते. ती टाकीत पडेल अशा बाजूला भोक हवं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या भरवशावर राहू नका, एक बारकी गोगलगाय अडकली की तो मिटत नाही.

ड्रेनला, म्हणजे पाणी खाली संपमध्ये उतरायला, रिटर्नपेक्षा जाड पाइप हवा, आणि शेजारी थोडा उंच असा दुसरा रिकामा पाइप, पहिला तुंबला तर पाणी जायला. काच टफन असेल तर भोक पाडायला जाऊच नका, अख्खी काच फुटते. साध्या काचेला डायमंड बिट लावून, पाणी सोडत सावकाश भोक पाडायचं आणि टँक निपल (भोकात पाइप जोडायचा तुकडा) बसवायचं.

पंप खोक्यावरचा आकडा बघून घेऊ नये. वरच्या मापाची, दीड फूट उंचीची टाकी अडीचशे लिटरची. तासाला चार-पाच वेळा पाणी फिरायला साडेबाराशे लिटरपर्यंत लागतात, पण तेही साडेचार फूट वर चढवून. नदीवरच्या मोटारीचं हेड, म्हणजे ती पाणी किती उंच चढवते ते, बघणाऱ्या सांगलीकराला हे वेगळं काय सांगायचं!

कप्पे तीन पुरतात. आधी स्पंज आणि फिल्टरचा कापूस, मग रिंग, शेवटी पंप. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी गढूळ होतं तेव्हा कापूस वरचेवर बदलावा लागतो, म्हणून तो हाताशी ठेवा आणि संपच्या वर हात घालायला वीतभर जागा सोडा. बाष्पीभवनाची घट फक्त पंपाच्या कप्प्यात दिसते. तिथे काचेवर पेनाने किमान पातळीची रेघ मारा, उन्हाळ्यात रोज बघा. आणि हो, टाकी न हलवता संप स्टँडच्या पायांमधून बाहेर निघतोय का, हे आधी टेपने मोजा. माझा निघत नव्हता.

काच चिकटवायचं सिलिकॉन बुरशीनाशक घातलेलं नको. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, आठवडाभर तरी, पाणी घालू नका. वायर बोर्डाकडे जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे थेंब झोळातच गळतो. २०१९ च्या पुरात पूरभागात दिवसच्या दिवस लाईट नव्हती, त्यामुळे बॅटरीवरचा एअरपंप घरात असलेला बरा.

मग क्लोरीन काढलेलं पाणी भरून सगळं चालू करा आणि उभ्या उभ्या दहा वेळा बटण बंद करून बघा. संप काठापर्यंत आला तर एक बादली पाणी कमी करून पुन्हा. मासे मात्र लगेच नाहीत. रिंगांवर जिवाणू धरायला चार ते सहा आठवडे जातात. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की चार-पाच सोडा.