सगळ्या अटी पूर्ण होत नसतील, तरी मुलाखतीला कसं जायचं

मुलाखतीचं बोलावणं आलं, म्हणजे तुमचा बायोडेटा कुणीतरी वाचलाय. जाहिरातीत पाच वर्षांचा अनुभव मागितला होता आणि तुमच्याकडे तीनच वर्षांचा आहे, हे त्यांनी पाहिलंय आणि तरीही बोलावलंय. त्यामुळे उणीव झाकण्यात शक्ती घालवू नका. ती कशी भरून काढणार, याचं उत्तर तयार ठेवा.

आधी अटी चाळून घ्या. कायद्याने लागणारी गोष्ट, म्हणजे वैद्यकीय नोंदणी किंवा जड वाहनाचा परवाना, नसेल तर तिथे जाण्यात अर्थ नाही. 'असल्यास प्राधान्य' असं लिहिलेल्या अटी सोडून द्या. अनुभवाची वर्षं बऱ्याचदा अंदाजानेच लिहिलेली असतात. फार शिकवावं न लागता काम करणारा माणूस हवाय, एवढाच त्यांचा अर्थ. मुख्य कामातलं निम्म्याहून जास्त तुम्ही करू शकत असाल, तर जरूर जा.

मग एका कागदावर तीन रकाने आखा: त्यांनी काय मागितलंय, माझ्याकडे काय आहे, आणि नसेल तर त्याच्या सगळ्यात जवळचं मी काय केलंय. खरी तयारी तिसऱ्या रकान्यात होते. समजा, पॉवर बीआय (डेटावरून अहवाल आणि आलेख करायचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) मागितलंय आणि तुम्हाला फक्त एक्सेल येतं. मग उत्तर असं द्या:

"पॉवर बीआय मी नोकरीत वापरलेलं नाही. दर महिन्याचा विक्री अहवाल मी एक्सेलमध्ये पॉवर क्वेरी वापरून करतो. पॉवर क्वेरी दोन्हीकडे आहे, त्यामुळे डेटा साफ करण्याचा भाग मला येतो. पॉवर बीआयमधल्या डॅक्स भाषेची सूत्रं मात्र नवीन आहेत. ती शिकायला मी तसाच एक नमुना अहवाल पॉवर बीआयमध्ये करून पाहिलाय."

उत्तर अर्ध्या मिनिटात संपतं. आधी स्पष्ट 'नाही', लगेच जवळचं काम, त्यातलं इथे काय उपयोगी पडेल, आणि शिकायला सुरुवात कुठून केली. पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट मिळतं, तेव्हा शेवटचं वाक्य मुलाखतीआधी खरं करून ठेवता येतं. नमुन्यात आकडे मनाने घाला. सध्याच्या कंपनीचा डेटा दाखवलात, तर उद्या आमचाही असाच बाहेर नेईल, हेच समोरच्याच्या मनात येईल.

इथे चुका ठरलेल्या होतात. 'नाही' म्हणून गप्प बसलं, की समोरच्याच्या वहीत फक्त 'नाही' उरतं. तीन-तीनदा माफी मागितली, की छोटी उणीव मोठी दिसते. 'मी पटकन शिकतो' हे सगळेच म्हणतात. त्याऐवजी मागच्या वेळी काय शिकलात आणि किती दिवसांत कामाला लागलात, ते सांगा. आणि खोटं अजिबात बोलू नका. पहिला प्रश्न निभावतो, पण "तिथे अडलात कुठे?" या दुसऱ्याला उत्तर सुचत नाही. शिवाय नोकरी लागल्यावर पडताळणीत सापडलं, तर ती जातेही.

'आम्ही केलं' ही सवय कमी अनुभवाच्या उमेदवाराला फार महागात पडते. टीमने काय केलं ते एका वाक्यात सांगा आणि पुढे तुमचा स्वतःचा वाटा. असे तीन प्रसंग, प्रत्येकी दोन मिनिटांत बसतील असे, मोठ्याने बोलून तयार करा. मनातल्या मनात घोकलेलं ऐनवेळी अडखळतं.

शेवटी "काही विचारायचंय?" म्हटल्यावर दोन प्रश्न विचारा. पहिल्या तीन महिन्यांत या जागेवरच्या माणसाकडून काय अपेक्षा आहे? आणि माझ्या अनुभवात तुम्हाला काय कमी वाटतं? दुसरा विचारायला धीर लागतो, पण त्यांच्या मनातली शंका तिथल्या तिथे दूर करायची संधी त्यानेच मिळते. पगाराचा विषय निघाला, तर अटी कमी पडतात म्हणून स्वतःहून आकडा खाली आणू नका. कामाचा जो दर आहे, तोच सांगा.

बाहेर पडल्यावर तासाभराच्या आत अडलेले प्रश्न लिहून काढा. दुसऱ्या दिवशी आभाराचा चार ओळींचा मेल पाठवा आणि एखादं उत्तर अपुरं राहिलं असेल, तर ते त्यातच पूर्ण करा.